तिनं इचारलं काहून नाही

आमच्या घरी रंगीत टीव्ही आला तो आईच्या रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, मजुरीतून. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती हे सांगायची, आणि सांगताना टीव्हीकडे न बघता स्वतःच्या हातांकडे बघायची. तिच्या हाताखाली बायांची एक टोळी होती. धानाची रोपं, म्हणजे आमच्याकडचे पऱ्हे, तयार झाले की तिला आजूबाजूच्या गावांतून निरोप येऊ लागत. "बाई, आमच्या बांधीत कवा उतरता?" कोणाची बांधी, म्हणजे धानाचं शेत, आधी आणि कोणाची मागून, हे तीच ठरवायची. पाटील असो की दोन बांध्यांचा धनी, तिनं दिलेला दिवस कोणी मोडत नसे. एकोडीच्या बाजारात मी तिच्यासोबत चालायची तेव्हा माणसं बाजूला होऊन रस्ता द्यायची. मला वाटायचं, सगळ्यांच्याच आयांना असा रस्ता मिळतो.

बाबांबद्दल मात्र आमच्याजवळ सांगण्यासारखं फार नव्हतं. मी दुसरीत असताना ते ठेकेदारासोबत रायपूरकडे कामाला गेले. परत आले तेव्हा मी दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत होते. सुरुवातीला कोणाकोणासोबत निरोप आले, मग निरोपही थांबले. गावात कोणी म्हणे त्यांनी तिकडे दुसरं घर केलं, कोणी म्हणे ते जिवंतच नाहीत. आईनं कुंकू पुसलं नाही आणि उपासतापासही केले नाहीत. ती रोवणं करत राहिली, कापणी करत राहिली, आणि मला शाळेत पाठवत राहिली.

ते परत आले त्याच उन्हाळ्यात आमचा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला. गावातल्या टवाळांना विषयच मिळाला. "गोंदिया गेलं आन् हा आला," असं ते बरेच दिवस म्हणायचे.

आई तेव्हा अंगण सारवत होती. फाटकाशी एक वाळका, दाढी वाढलेला माणूस उभा राहिला. मी ओळखलं नाही. आईनं मान वर केली, बराच वेळ पाहिलं, मग शेणाचे हात धुतले, तांब्या भरून आणला आणि म्हणाली, "पाय धुवा आन् कडेकडेनं या. अंगण ओलं हाय." बस्स, एवढंच. मी रात्री तिला विचारलं, बाबा कुठे होते? ती म्हणाली, "तू इचारू नोको. सांगाचं असन तं सांगतील." त्यांनी सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. बाबा गुरं पाहू लागले, छपरी शाकारू लागले, बोडीवरून, गावच्या लहान तळ्यावरून, पाणी आणू लागले. आई त्यांना वेळेवर जेवू घालायची, आंघोळीचं पाणी काढून द्यायची. पाहुण्याला देतात तसं सगळं नीट. माझ्या लक्षात यायचं की ती त्यांच्यावर कधी रागवत नाही. शेजारच्या बायका म्हणायच्या, नशीबवान आहे माणूस. मला मात्र ते घर दोघांचं वाटत नसे.

टीव्ही आला तेव्हा मी साकोलीला कॉलेजात जात होते. रविवारी दुपारी मराठी पिक्चर लागायचा. टीव्ही छपरीत दाराजवळ ठेवायचा आणि लोक अंगणात बसायचे. बाबांचं काम अँटेना फिरवण्याचं. ते कौलांवर चढून विचारत, "आता?" आणि खालून सगळं अंगण ओरडे, "नाही! थोडा तिकडे!"

ज्या रविवारचं मी सांगते आहे त्या वेळी धान घरात आलं होतं, मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची आमच्याकडची जत्रा, होऊन गेली होती आणि माणसं निवांत होती. अंगण भरलं होतं. सगळ्यांत पुढे शेजारची मोठीमाय. ती आमची नात्यानं कोणी नव्हती, पण बाबा नव्हते त्या वर्षांत मला ताप आला की रात्र तिच्या मांडीवर जायची. तिच्याजवळ तिची धाकटी सून, लग्न होऊन वर्षही न झालेली, तोंडानं तिखट. खांबाला टेकून नाटकवाले काकाजी. मंडईच्या नाटकांत ते बापाचं काम करायचे आणि जवळपास प्रत्येक नाटकात तिसऱ्या अंकात मरायचे. आई सूप घेऊन लाखोरीची डाळ निवडत बसली होती. बाबा मागे, गोठ्याच्या भिंतीशी.

पिक्चर सुरू झाला आणि अर्ध्या तासात मला घाम फुटला. पिक्चरमधला नवरा बापाशी भांडून घर सोडतो आणि वर्षानुवर्षं येत नाही. बायको सासू-सासऱ्यांचं करते, पोरगा वाढवते, दळण दळते, गाणं म्हणते. मी आईकडे चोरून पाहिलं. ती डाळ निवडत होती. मागे वळून बाबांकडे पाहण्याचं धैर्य मला झालं नाही. टीव्ही बंद करावा तर काय सांगून? लोक तर गुंगून गेले होते. शेवटी पोराचं लग्न निघतं, मांडव पडतो, सनई वाजते, आणि ऐन लग्नाच्या वेळी पिकल्या दाढीचा नवरा मांडवाच्या दारात येऊन उभा राहतो. बायको ओवाळायला निघालेली असते. ती त्याला पाहते, तिच्या हातातलं ताट पडतं, ती चार पावलं धावते आणि त्याच्या पायांवर डोकं ठेवून प्राण सोडते. सनई थांबते. समाप्त.

अंगणात नाकं ओढल्याचे आवाज येत होते. मोठीमायचा पदर ओला झाला होता. आणि पाट्या वर सरकत असतानाच लाईन गेली. त्या दिवसांत लाईन जाणं काही नवीन नव्हतं. एकदा गेली की लवकर येत नसे. दिवस मावळला होता. बाबा उठले, कंदील पेटवून त्यांनी खांबाला अडकवला आणि परत आपल्या जागी जाऊन बसले. उठून जायचं कोणाच्याच मनात दिसेना.

पहिली मोठीमायची सून बोलली. "खोटं हाय बाप्पा हे. एवढी वर्षं दळलं, कांडलं, सासऱ्याची दवापाणी केली, तवा मेली नाही. आन् नवरा दारात आला तं मेली? भूत होय का तो?"

"आनंदानं बी मानूस मरते," मोठीमाय डोळे पुसत म्हणाली. "माह्या मामसासऱ्याले पोराची नोकरी लागल्याचं समजलं आन् तो जेवता जेवता गेला."

"ते ठसका लागून गेले, आत्या," सून सासूला म्हणाली. "तुमीच सांगतलं होतं."

लोक हसले. काकाजींनी घसा साफ केला. नाटकाच्या गोष्टीत शेवटचा शब्द आपला, अशी त्यांची समजूत होती, आणि तोवर ती कोणी मोडली नव्हती. "पोरी, तुले समजत नाही. शेवटाले कोणी तरी मराले लागते. मी कायले मरतो दरवर्षी? एका साली आमी बापाले जगवलं. परदा पडला तरी लोक उठाले तयार नाही. म्हणे, पुढं काय झालं? मानूस मेला की लोक समजते, आता घरी जाचं."

"मंग दुसऱ्या कोणाले मारा ना! तो मेला असता तं मले पटलं असतं. हिंडून हिंडून आला होता, थकला असन."

"हिरो मरत नसते असा."

"हिरो कायचा तो? घर सोडून पळाला तो हिरो?"

हे बोलून सून एकदम गप्प झाली. आपण कोणाच्या अंगणात बसलो आहोत हे तिला तेव्हा आठवलं असावं. सगळ्यांनाच आठवलं. कोणी मागे गोठ्याकडे पाहिलं नाही. काकाजी खाली वाकून उगाच चप्पल शोधू लागले.

तेवढ्यात आई बोलली. सूप मांडीवरच होतं. "ती मेली ते खरं का खोटं, ते मले नाही सांगता येत. मरत असन एखादी. पण मले दुसरंच पटलं नाही. तो आला, तिनं पाह्यलं, धावली, पाया पडली. पण इचारलं काहून नाही?"

"काय इचाराचं?" काकाजी म्हणाले.

"कुठी होते, एवढे दिवस. एवढं तं इचाराचं ना. तिनं नाही इचारलं. तिच्या पोरानं नाही. मांडवात एवढी वऱ्हाडी मंडळी होती, त्यातल्या एकानं बी नाही. सारे रडून राहिले. मले तेच खोटं वाटलं."

आणि मोठीमायच्या तोंडून निघून गेलं, "तू तरी कुठी इचारलं वं, बाई?"

तिचा काही टोमणा नव्हता. ती तशीच होती, मनात आलं की ओठावर आलं. पण सुनेनं सासूचा दंड दाबला. दोन-चार बायका लुगडं सावरत उठल्या. "चला वं, सैपाक राह्यला," असं कोणी तरी पुटपुटलं.

आईनं सूप बाजूला ठेवलं. "बसा," ती म्हणाली. रोवण्याच्या बांधीत ती टोळीला ज्या आवाजात थांबवायची तोच आवाज. उठलेल्या बायका बसल्या. "हे नव्हते तवा तुमीच होते. माही पोरगी तुमीच पाह्यली. तुमाले बी ऐकाचा हक्क हाय." मग ती गोठ्याकडे वळली. "नाही इचारलं मी. मले वाटलं, हे सांगतील. आज इचारते. अजी, कुठी होते तुमी?"

मला वाटलं बाबा उठून जातील. फाटक जवळच होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते उठले, पण फाटकाकडे गेले नाहीत. लोकांच्या मधून वाट काढत कंदिलाजवळ आले आणि आईच्या समोर जमिनीवर बसले.

"रायपूरच्या पुढं," ते म्हणाले. "पयल्या साली राइस मिलमध्ये होतो. तटी बिमार पडलो. ठेकेदारानं काढून टाकलं. मंग ढाब्यावर लागलो, रोडच्या ढाब्यावर. भांडे घासाले. निरोप काय धाडू? भांडे घासून राहिलो म्हणून? मले वाटलं, काही तरी हातात घेऊन जाव. एक साल गेलं, दोन गेले. जेवढे दिवस गेले तेवढं येणं जड झालं."

ते थांबले. मग म्हणाले, "लाखनीपर्यंत तीनदा आलो होतो." लाखनी आमच्या गावाच्या जवळच, हायवेवर.

"लाखनीपर्यंत?" मोठीमाय म्हणाली. "आन् तटून परत गेला?"

"ट्रकवाले सोडून देत. रोडवर उतरलो की पाय उचलत नव्हते. दोनदा तं चहा पिऊन तसाच परत गेलो. तिसऱ्यांदा हिले पाह्यलं."

आई थोडी पुढे झुकली. आता तीही आमच्यासारखीच ऐकणारी झाली होती, आणि तिला खरं-खोटं पारखायचं होतं.

"मले कुठी पाह्यलं?"

"रोडच्या पल्याडच्या दुकानात. तुह्या संगं टोळीच्या बाया होत्या. पोरगी होती. तू तिच्यासाठी चप्पल पाहून राहिली होती. पोट्टी पाय मांग घेत होती. तू हासत होती."

ती चप्पल मला आठवत होती. सहावीत असताना घेतलेली. मला ती नको होती, कारण ती मुलांची वाटायची.

"कोणती घेतली मंग?" आईनं विचारलं.

"घेतली ते नाही पाह्यलं. पण पयले दुकानदारानं लाल दाखवली होती. ते तुवा परत केली."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. लाल चप्पल माझ्या पायाला लहान झाली होती. घरी येईपर्यंत मी त्या लाल चपलेसाठी रडत होते. हे तिथे असल्याशिवाय कोणाला ठाऊक असणं शक्य नव्हतं.

"खरं हाय," आई लोकांना म्हणाली. मग पुन्हा बाबांकडे, "हाक माराची होती."

"मारली होती. मंधातून ट्रक चालले होते. तुले ऐकू नाही आली."

"दुसऱ्यांदा माराची होती."

"दुसऱ्यांदा हिंमत झाली नाही." बाबांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "तुमी दोघी चांगल्या दिसून राहिल्या होत्या. मले वाटलं, माह्यावाचून तुमचं काही अडलं नाही. मंग गेलो परत. आखरीले ढाबा बंद झाला आन् दुसरी जागाच राह्यली नाही, तवा आलो. खरं सांगतो, हिंमत करून नाही आलो."

हे शेवटचं वाक्य त्यांना सांगायची काही गरज नव्हती. मांडवात आलेल्या त्या हिरोनं ते कधीच सांगितलं नसतं. माझ्या बाबांनी ते साऱ्या गावासमोर, बायकोच्या डोळ्यांत पाहून सांगितलं. इतकी वर्षं शाळेत, कॉलेजात कोणी बाबांचं विचारलं की मी विषय बदलायची. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा वाटलं की कोणीतरी विचारावं.

काकाजी मोठा सुस्कारा सोडून म्हणाले, "हे जर आमी मंडईत नाटकात घेतलं ना, रोडच्या इकून नवरा आन् तिकून बायको, मंधातून ट्रक, तं लोक म्हणतील, काहीच्या काही दाखवून राहिले."

"म्हणू द्या," आई म्हणाली. "पण तुमी घ्या नाटकात. आन् त्यात कोणाले मारू नोका."

मोठीमाय आता उघडच रडत होती, पिक्चरसाठी रडली त्याहून जास्त. सून तिला म्हणाली, "चला आत्या, नाही तं तुमीच जासान मामसासऱ्यासारख्या." तेव्हा कुठे अंगण हसलं आणि माणसं एकेक करून उठली. जाताना पुरुषांपैकी काहींनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. ते परत आल्यापासून असं कोणी केलेलं मी पाहिलं नव्हतं.

त्या रात्री घरात काही वेगळं घडलं नाही. घडलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. बाबांनी गाय नीट बांधली नव्हती आणि तिनं मागच्या परसातल्या वालाच्या वेलाचा फडशा पाडला. आईनं ते पाहिलं आणि बाबांना जे झापलं ते मोठीमायच्या घरापर्यंत ऐकू गेलं. "डोळे कुठी ठेवले होते? दोर बांधता येत नाही मानसाले? एवढा वेल म्या पाणी घालू घालू वाढवला!" बाबा दोर हातात घेऊन मान खाली घालून उभे होते, आणि हसत होते. मी चुलीजवळ बसून सगळं ऐकत होते. ते आल्यानंतर आईनं त्यांच्यावर आवाज चढवल्याची ती पहिलीच वेळ. त्या दिवसापासून पाहुणचार संपला. दोघं भांडू लागले, कोणत्या बांधीत कोणतं धान घालायचं यावरून, माझ्या शिक्षणावरून, कोंबड्यांवरून. पुढच्या पावसाळ्यात बाबा तिच्या टोळीसाठी पऱ्हे खणायला आणि पेंड्या वाहायला गेले. बायांच्या टोळीत काम करतो म्हणून कोणी तरी त्यांना चिडवलं, तर ते म्हणाले, "माही बायको मुकादम हाय. तुही हाय का?"

रविवारचे पिक्चर सुरूच राहिले. फरक एवढाच पडला की समाप्तीची पाटी आली की लोक काकाजींकडे बघण्याआधी आईकडे बघायचे. "बाई, हे पटते का?" ती हातातलं काम संपवायची, मग निकाल द्यायची. पुष्कळ नामी पिक्चर तिनं आमच्या अंगणात नापास केले. एकदा एका पिक्चरमध्ये आंधळ्या म्हातारीला शेवटी दिसू लागलं, तेव्हा सगळे म्हणाले खोटं. आई म्हणाली, "दिसू द्या तिले. त्यात कोणाचं काय गेलं?" तिच्या निकालाचा कायदा कोणाला कळत नसे, पण अपील कोणी करत नसे.

काकाजींनी खरंच नाटक घेतलं. स्वतः लिहिलं नाही, सानगडीकडच्या एका ओळखीच्या माणसाकडून लिहून घेतलं. त्यात ढाबा होता, चपलेचं दुकान होतं, ट्रकच्या आवाजासाठी पडद्यामागे पत्र्याचा डबा होता. तालमी शाळेच्या व्हरांड्यात दिवस मावळताना चालायच्या. शेवटचा प्रवेश बसेना, म्हणून एक दिवस काकाजी आमच्या घरी आले आणि आईला म्हणाले, "बाई, तुमी येऊन पाहा."

आई गेली. बाबा सोबत गेले, मीही गेले. मास्तरांची खुर्ची आणून तिला मधोमध बसवलं. नवऱ्याचं काम करणारा मुलगा दारात येऊन उभा राहिला आणि त्यानं हंबरडा फोडला. आईनं हात वर केला. सगळे थांबले.

"हे असे रडले नव्हते," ती म्हणाली, आणि शेजारी उभ्या बाबांकडे बोट दाखवलं. "यायले इचारा, कसे उभे होते."

बाबा लाजले, पण पुढे गेले. दाराच्या चौकटीत उभे राहिले, एक हात चौकटीवर, नजर जमिनीवर. तो मुलगा त्यांच्या बाजूला उभा राहून तसं करू लागला. एकदा केलं, दुसऱ्यांदा केलं. आई खुर्चीत ताठ बसून बघत होती. व्हरांड्यातले सगळे तिच्या मानेकडे बघत होते. पाचव्या की सहाव्या वेळेला तिनं मान हलवली आणि म्हणाली, "हं. आता तिले इचारू द्या."